'यू'चा कलर की बिन'यू'चा? सॉफ्टवेअरमधील इंग्रजी स्पेलिंगचा मसला

कापडाच्या धंद्यात 'ग्रे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक राखाडी रंग. दुसरा, मागावरून उतरलेले, न धुतलेले, न रंगवलेले कोरे कापड. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमागवाला 'ग्रे माल' म्हणतो तेव्हा त्याला राखाडी कापड म्हणायचे नसते, हे बाजारातल्या पोरालाही ठाऊक असते. संगणकाला मात्र ते ठाऊक नसते. त्यात इंग्रजीत हा शब्द दोन प्रकारे लिहितात. इंग्लंडमध्ये 'ई' घालून, अमेरिकेत 'ए' घालून. एवढ्या एका अक्षराने धंद्यात काय होणार आहे, असे आम्हीही समजत होतो.

झाले असे की, दुकानाचा हिशेब वहीतून संगणकावर आणताना आम्ही एका होतकरू मुलाकडून स्टॉकचा प्रोग्राम करून घेतला. मुलगा हुशार, काम चोख. पहिल्या वर्षी मालाच्या नोंदी आमच्या मुनीमजींनी केल्या. त्यांचे इंग्रजी जुन्या शाळेतले, म्हणून त्यांनी 'ग्रे' सर्वत्र 'ई'ने लिहिला. दुसऱ्या वर्षी ते काम पुतण्याकडे आले. त्याने 'ई' लिहिला की संगणक खाली लाल रेघ ओढी आणि 'ए' सुचवी. त्याने 'ए' लिहिणे सुरू केले. दोघांचेही इंग्रजी बरोबर. पण एका स्पेलिंगने शोधले की पडद्यावर निम्माच माल दिसे. लग्नसराईच्या तोंडावर साठ इंची कोरा माल संपला असे समजून आम्ही नवी ऑर्डर दिली. माल येऊन उतरला तेव्हा पाहिले, तर मागच्या खोलीत जवळजवळ तेवढेच तागे आधीपासून उभे. पैसा अडकला आणि जागाही अडली.

ही चूक लक्षात आल्यावर आम्ही त्याहून मोठी चूक केली. त्या मुलाला सांगितले, 'बेटा, सगळीकडे एकच स्पेलिंग करून टाक.' त्याने एका आदेशात सगळ्या 'ई'चे 'ए' केले. पाच मिनिटांचे काम. दुसऱ्या दिवशी काउंटरवरचे बारकोडचे यंत्र माल ओळखेना. कारण उघड होते. तागांवर चिकटवलेल्या शेकडो लेबलांत मालाचा कोड जुन्या स्पेलिंगचा होता आणि संगणकात तो बदलला होता. एक गिऱ्हाईक जुन्या बिलावर माल परत करायला आले, त्याच्या बिलावरचे नाव यादीत सापडेना. तीन दिवस दुकान पुन्हा कागद-पेन्सिलीवर चालले. त्या मुलाचा यात दोष नव्हता. त्याने सांगितले तेच केले होते, आणि सांगणारे आम्हीच होतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. खरे तर हा धडा तेथे लहानपणीच मिळाला होता. 'आम' अलिफने लिहिला तर आंबा, ऐनने लिहिला तर सर्वसाधारण. 'सदा' सीनने लिहिला तर नेहमी, सादने लिहिला तर हाक. कानाला फरक कळत नाही, कागदावर कळतो. तरीही माणूस मागचे-पुढचे वाक्य पाहून समजून घेतो, आणि शाळकरी पोराने सीनच्या जागी साद लिहिला तर उस्ताद कान पिळून का होईना, पण अर्थ लावतो. संगणक अर्थ लावत नाही. तो अक्षराशी अक्षर ताडून पाहतो. 'ई'चा ग्रे आणि 'ए'चा ग्रे हे त्याच्या लेखी दोन वेगळे माल आहेत.

आज आपल्या व्यापारी बांधवांपैकी बरेचजण बिलाचा प्रोग्राम, निर्यातीची वेबसाइट किंवा ऑर्डरचे अॅप करून घेत आहेत, आणि आपलीच मुले ती कामे करून देत आहेत. म्हणून हा मसला जरा तपशिलात पाहणे जरुरीचे वाटते.

प्रथम, दोन स्पेलिंगे आली कोठून? सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली लंडनमध्ये निघाला. त्यात 'कलर', 'ऑनर', 'लेबर' यांसारखे शब्द 'यू'सह आहेत आणि इंग्लंडने तीच वाट धरली. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर नोआ वेबस्टर या शिक्षकाला वाटले की नव्या देशाची लिहिण्याची पद्धतही स्वतःची असावी, आणि ती सोपी असावी. त्याने १८०६ साली लहान कोश आणि १८२८ साली मोठा कोश काढला. 'कलर'मधला 'यू' गेला, 'सेंटर'च्या शेवटी 'आरई'ऐवजी 'ईआर' आले. त्याच्या सगळ्याच सूचना लोकांनी मानल्या असे नाही. 'टंग', म्हणजे जीभ, हा शब्द त्याने उच्चाराप्रमाणे लिहून पाहिला, तो कोणी उचलला नाही. बाजारात जे खपले ते राहिले. आपल्याकडे शाळा, कचेऱ्या आणि कायदा इंग्रजांच्या वेळचा, म्हणून आपण 'यू'वाले.

आता संगणकाकडे येऊ. १९८१ साली ब्रिटनमध्ये एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक निघाला. त्याच्या बेसिक भाषेत पडद्याचा रंग बदलण्याचा आदेश 'यू'सह लिहावा लागे. त्याच काळात अमेरिकेतील मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये तोच आदेश 'यू'शिवाय होता. एकाचा आदेश दुसऱ्याला चालत नसे. आपल्या देशातही १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक योजना सुरू झाली तेव्हा बीबीसी मायक्रोच आणले गेले होते. म्हणजे 'यू'वाला संगणक काही काळ भारतातल्या शाळांत बसलेला होता. पण बाजार पीसीने जिंकला, पीसी अमेरिकन, आणि त्याबरोबर बिन'यू'चा आदेश सगळीकडे पोहोचला.

इंटरनेटची कहाणी आणखी मजेची आहे. वेब तयार करणारे टिम बर्नर्स-ली लंडनचे. त्यांनी ते काम केले जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत. वेबपानाला रंगरूप देणारी सीएसएस ही पद्धत १९९४ साली सुचवली होकोन व्हियुम ली या नॉर्वेच्या माणसाने, त्याच्याबरोबर काम केले बर्ट बॉस या डच माणसाने आणि तिची पहिली प्रमाण आवृत्ती १९९६ साली निघाली. यात अमेरिकन कोणी नाही. तरीही सीएसएसमध्ये 'कलर' बिन'यू'चाच आहे आणि 'सेंटर'च्या शेवटी 'ईआर'च आहे. कारण तोवर बाजारात चालणारा ब्राउझर अमेरिकेतील नेटस्केप कंपनीचा होता आणि मजकूर मध्यभागी आणणारा 'सेंटर'चा आदेश त्याच कंपनीने अमेरिकन स्पेलिंगने आणलेला होता. ज्याची वजने-मापे बाजारात चालतात त्याच्याच मापाने सगळ्यांना मोजावे लागते, तशातला हा प्रकार.

आमच्या 'ग्रे'ने तर येथेही गंमत केली. आजच्या सीएसएसमध्ये 'ई' आणि 'ए' दोन्ही चालतात. पण जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला वेबपानाच्या रंगात 'ई'चा ग्रे कळत नसे. न कळलेला शब्द तो रंगाचा आकडी कोड समजून वाचायला जाई. त्या कोडात शून्यापासून नऊपर्यंत आकडे आणि 'ए' ते 'एफ' ही अक्षरे चालतात, बाकीच्या अक्षरांची किंमत शून्य. 'जी' शून्य, 'आर' शून्य, 'ई' मात्र राहिला, 'वाय' शून्य, आणि कमी पडलेल्या जागी आणखी शून्ये. पहिले दोन अंक लाल रंगाचे, मधले दोन हिरव्याचे, शेवटचे दोन निळ्याचे. 'ई' नेमका मधल्या जोडीत पडला. सबब राखाडी लिहिले की पडद्यावर हिरवेगार दिसे! इंग्लंडच्या शाळेत ज्या स्पेलिंगला पूर्ण गुण मिळाले असते, त्याने राखाडीचे हिरवे झाले.

म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतला मामला शुद्ध-अशुद्धाचा नाही, जुळण्या-न जुळण्याचा आहे. याचे सर्वांत मोठे उदाहरण तर अशा शब्दाचे आहे की जो ब्रिटिशही नाही आणि अमेरिकनही नाही, सरळ चुकीचा आहे. तुम्ही एका वेबपानावरून दुसऱ्यावर गेलात की ब्राउझर नव्या पानाला कळवतो की हे गिऱ्हाईक अमुक ठिकाणाहून आले. या निरोपाच्या मथळ्याचे नाव 'रेफरर'. शुद्ध लिहायचे तर मधे दोन 'आर' हवेत. १९९०च्या दशकात लिहिताना एक 'आर' राहून गेला आणि तसाच १९९६च्या प्रमाण दस्तऐवजात छापला गेला. चूक ध्यानात आली तोवर जगभरचे प्रोग्राम तो चुकीचा शब्द वापरू लागले होते. आजही तो तसाच आहे. पुढे याच विषयाचा दुसरा मथळा आला, 'रेफरर-पॉलिसी', त्यात मात्र दोन्ही 'आर' शाबूत आहेत. एकाच घरात दोन भाऊ, दोघांचे आडनाव वेगळे. तसेच युनिक्स या प्रणालीत नवी फाइल तयार करण्याचा आदेश 'क्रिएट'. तिचे जनक केन थॉम्प्सन यांनी तो शेवटच्या 'ई'शिवाय लिहिला. पुन्हा युनिक्स केली तर काय बदलाल असे विचारल्यावर त्यांनी तो 'ई' घालीन असे उत्तर दिल्याचे प्रसिद्ध आहे. पण आदेश बदलला नाही, कारण त्यावर हजारो प्रोग्राम उभे आहेत.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा, बाकीचे त्यातूनच निघते. प्रत्येक प्रोग्राममध्ये शब्दांच्या दोन जागा असतात. एक आतले नाव, ज्याने एक प्रोग्राम दुसऱ्याला हाक मारतो. रकान्यांची नावे, मालाचे कोड, ऑर्डरच्या स्थितीचे शब्द, फाइलींची नावे हे सगळे त्यात आले. दुसरी बाहेरची पाटी, जी गिऱ्हाईक वाचते. दुकानाची पाटी आपण रंगवून बदलतो, पण सात-बारावरचे किंवा लायसन्सवरचे नाव रोज बदलत नाही. अॅपलच्या मॅक संगणकावर भाषा ब्रिटिश इंग्रजी ठेवली तर टाकाऊ फाइलींच्या टोपलीखाली 'बिन' लिहिलेले दिसते, अमेरिकन ठेवली तर 'ट्रॅश'. पण आत डिस्कवर त्या फोल्डरचे नाव दोन्ही वेळा 'ट्रॅश'च असते. आपल्या मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या जमा-खर्चाच्या नोंदीत एका रकान्याचे आतले नाव 'चेक नंबर' आहे, आणि हा चेक आपल्या पद्धतीचा, 'क्यूयूई'वाला. आज पैसे चेकनेच येतात असे नाही, म्हणून पडद्यावर त्या रकान्याची पाटी 'रेफरन्स नंबर' अशी आहे. आतले नाव मात्र जुनेच ठेवले आहे. हे शहाणपणाचे काम.

तेव्हा आतल्या नावांसाठी कोणते स्पेलिंग घ्यावे? आमचे मत सरळ आहे: अमेरिकन. यात कोणाची बडेजाव मानण्याचा प्रश्न नाही. जावा, डॉटनेट, सीएसएस, ज्या ज्या सामानावर आपला प्रोग्राम उभा राहतो त्यात रंग बिन'यू'चा आहे. आपल्या मुलाने स्वतःच्या रकान्याला 'यू'चा रंग ठेवला तर एकाच ओळीत एक 'यू'चा आणि एक बिन'यू'चा येणार, आणि रात्री अकरा वाजता काम करताना कोठे कोणता हे आठवत बसावे लागणार. रस्ट या भाषेच्या मंडळींनी तर दस्तऐवजसुद्धा अमेरिकन इंग्रजीतच लिहावेत असा नियमच केला आहे. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या लेखन-नियमांतही तेच आहे.

कोणी म्हणेल, दोन्ही स्पेलिंगे चालवून घेतली तर? तशी सोय करणारेही आहेत. आकडेशास्त्राच्या कामाची आर ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंडला जन्मली. तिथले लोक 'यू'वाले, पण ग्राहक अमेरिकेतही. म्हणून तिच्यात रंगांच्या आदेशाची दोन्ही रूपे चालतात, आणि तिच्यावर आधारलेले आलेख काढणारे जीजीप्लॉट-टू हे न्यूझीलंडच्याच हॅडली विकम यांचे साधनही दोन्ही घेते. पाहुण्यासाठी हे सौजन्य ठीक आहे. जगभरचे लोक जे साधन वापरणार त्याला ते शोभते. पण चार माणसांच्या दुकानाच्या प्रोग्रामला दोन नावे म्हणजे एकाच मालाच्या दोन वह्या, आणि त्याचे काय होते ते आम्ही वर सांगितलेच.

'यू'पेक्षाही धंद्याला जास्त त्रास देणारे अक्षर आहे 'एल'. ऑर्डर रद्द झाली की आपण 'कॅन्सल्ड' लिहितो. ब्रिटिश रीतीने दोन 'एल', अमेरिकन रीतीने एक. येथे संगणकवाल्यांचेही एकमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये काम रद्द झाल्याच्या सूचनेत एक 'एल' आहे. पायथन आणि जावात दोन. गूगलच्या जीआरपीसी या पद्धतीत रद्द स्थितीचे नाव दोन 'एल'चे, पण तिच्याच गो भाषेतील रूपात एक 'एल'चे. तेथे ज्या ओळीत ही दोन नावे समोरासमोर येतात, त्या ओळीत लिहिणाऱ्याने 'मुळातच असे आहे' अशी टीप घालून ठेवली आहे. पैशाच्या बाबतीतही तेच. स्ट्राइप ही कंपनी ठरावीक मुदतीने होणारी वसुली रद्द झाली की एक 'एल'चा शब्द पाठवते, आपल्याकडची रेझरपे दोन 'एल'चा. समजा एखादा निर्यातदार परदेशी गिऱ्हाइकांसाठी पहिली आणि देशी गिऱ्हाइकांसाठी दुसरी वापरतो, आणि त्याचा प्रोग्राम दोन 'एल'च पाहतो. मग परदेशी गिऱ्हाइकाने रद्द केलेले काम त्याच्या यादीत चालूच दिसणार. कारागीर कापड कापत राहणार, भरतकाम होत राहणार, आणि महिनाअखेरीस पैसे मागायला जावे तर तिकडून उत्तर येणार की आम्ही केव्हाच नको म्हणून कळवले होते.

यावर उपाय जुना आहे आणि आपल्या धंद्यातलाच आहे. कापड वारात येवो की मीटरमध्ये, वहीत एकाच मापाने चढवतात. मोजणी दारात होते, आत गोंधळ येत नाही. तसेच बाहेरून येणारा शब्द प्रोग्रामच्या दारातच आपल्या ठरलेल्या शब्दात बदलून घ्यावा. आत एकच 'कॅन्सल्ड' असावा. तो एका 'एल'चा की दोन 'एल'चा यावर भांडण नको, पण त्याच्याशिवाय दुसरा आत शिरता कामा नये. त्याहून बरे म्हणजे असे शब्द हाताने टाइप करूच देऊ नयेत. यादीतून निवडायला लावावेत. आमच्या मुनीमजींना आणि पुतण्याला अशी यादी मिळाली असती तर दोघांनाही स्पेलिंग करावे लागले नसते.

आता बाहेरची पाटी. येथे आमचे मत उलट आहे. येथे जो वाचणार त्याचे स्पेलिंग. आपल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर 'चेक' हा 'क्यूयूई'चाच असावा. आपला १८८१चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा तो शब्द तसाच लिहितो, आणि व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक असलेल्या कलम १३८ मध्ये चेक न वटण्याला जो 'डिसऑनर' शब्द आहे त्यातही 'यू' आहे. शिवाय कापडवाल्यांना आणखी एक कारण आहे. अमेरिकन रीतीने चेक 'सीके'ने लिहिला की पैशाचा चेक, चौकडीच्या कापडाचा चेक आणि माल तपासला याचा चेक, तिन्ही एकसारखे दिसतात! आमच्यासारख्याच्या बिलावर 'चेक' हा शब्द एका पानावर तीन अर्थांनी येऊ शकतो.

निर्यातीच्या कागदांत तर पाटी कोणाची हे आधी विचारावे. जगभर चालणाऱ्या मालाच्या वर्गवारीत, ज्याला आपण एचएस कोड म्हणतो, ५५वे प्रकरण मानवनिर्मित आखूड तंतूंचे आहे. तेथे आणि आपल्या जकात-दरपत्रकात 'फायबर'च्या शेवटी 'आरई' आहे, अमेरिकेच्या दरपत्रकात 'ईआर'. ७१व्या प्रकरणातल्या दागिन्यांना आपल्याकडे 'ज्वेलरी' दोन 'एल'ने लिहितात, अमेरिकेत लहान स्पेलिंगने. पण प्रकरणाचा आकडा दोन्हीकडे तोच. कोड आणि पाटी वेगळी ठेवण्याचा हा केवढा मोठा नमुना आहे! अमेरिकेतील गिऱ्हाइकासाठी वेबसाइट असेल तर दागिने, लोकर, पायजमा हे शब्द त्याच्या स्पेलिंगने लिहावेत, कारण तो शोधताना तेच टाइप करणार. पायजमा हा शब्द तर आपल्याकडूनच गेला. इंग्लंडने त्यात 'वाय' घातला, अमेरिकेने 'ए' ठेवला, आणि उच्चाराला अमेरिकेचाच जवळचा आहे. पण इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला तो 'वाय'नेच विकावा.

एका गैरसमजाबद्दल थोडक्यात. 'ऑर्गनाइझ'सारख्या शब्दात 'झेड' आला की तो अमेरिकन, असे आपल्याकडे शिकवतात. तसे नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश स्वतः 'झेड' वापरतो. त्यामुळे 'झेड' लिहिल्याने ब्रिटिश गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती सोडावी. फक्त 'ॲनलाइझ'मध्ये 'झेड' खरोखर अमेरिकन आहे, ब्रिटनमध्ये तेथे 'एस'च. आणि संगणकाचा 'प्रोग्राम' ब्रिटनमध्येही आखूडच लिहितात, लांबलचक शेपटीवाला 'प्रोग्राम' समारंभाचा. 'लायसन्स'मध्ये ब्रिटिश लोक नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने लिहितात, अमेरिकन दोन्ही 'एस'ने. सॉफ्टवेअरबरोबर परवान्याची जी फाइल ठेवतात तिचे नाव बहुधा 'एस'चे असते, तरी एनपीएमसारखी साधने 'सी'चे नावही ओळखतात.

मग ज्यांच्या प्रोग्राममध्ये आधीच खिचडी झाली आहे त्यांनी काय करावे? आमच्यासारखे एका आदेशात सगळे बदलू नये. गिट नावाचे एक साधन आहे, प्रोग्रामर मंडळी आपल्या कामाच्या नोंदी त्यात ठेवतात. त्याच्या स्वतःच्या दस्तऐवजांत ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगे बरीच वर्षे मिसळलेली होती. त्यांच्या नियमांत त्यांनी ही गोष्ट काहीशी खेदाने मान्य केली होती, आणि निवडायचेच असते तर अमेरिकन निवडले असते असेही म्हटले होते. पण त्याबरोबर असेही बजावले होते की, केवळ स्पेलिंग सारखे करण्यासाठी सगळ्या फाइलींना हात लावणारी मोठी दुरुस्ती कोणी पाठवू नये, कारण त्यामुळे इतरांच्या चालू कामाशी जी टक्कर होईल तिच्या मानाने हा फायदा किरकोळ आहे. जगातले निम्मे प्रोग्रामर ज्यांच्या साधनावर विसंबतात असे म्हटले तरी चालेल, त्यांनी खिचडी सहन केली. नवे लिहाल ते ठरलेल्या रीतीने लिहा, जुन्याला दुसऱ्या कामासाठी हात लागेल तेव्हा तेवढेच सुधारा, हाच यातून घेण्याजोगा मार्ग. दस्तऐवजाचे हे झाले. आतल्या नावांना तर त्याहूनही जपून हात लावावा, कारण त्यांच्यावर आपली लेबले, बिले आणि दुसऱ्यांचे प्रोग्राम लटकलेले असतात. बदलणे अटळच असेल तर जुने नाव काही महिने जिवंत ठेवून नव्याकडे बोट दाखवावे, जशी दुकान हलवल्यावर जुन्या शटरवर नवा पत्ता लावतात.

नव्याने सॉफ्टवेअर करून घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी प्रोग्रामरला विचारावे: आतली नावे कोणत्या स्पेलिंगने? कोठे लिहून ठेवले आहे? चुकीचे स्पेलिंग आपोआप पकडणारी साधनेही आहेत. कोडस्पेल नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनात ब्रिटिश शब्द दाखवून अमेरिकन सुचवणारी वेगळी यादी असते. प्रोग्रामर मुलांनी ते लावून घ्यावे. पण सुचवलेले सगळे डोळे झाकून मान्य करू नये, हे आता वेगळे सांगायला नको.

जाता जाता, स्पेलिंगच्या नादात तारीख विसरू नये, कारण तिचा धोका जास्त आहे. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. माल पाठवण्याची मुदत एक महिन्याने चुकली तर कोणत्याही स्पेलिंगने माफी मागितली तरी उपयोग नाही. आत वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आयएसओ ८६०१ या १९८८ पासूनच्या प्रमाणाप्रमाणे तारीख ठेवावी आणि पाटीवर गिऱ्हाइकाच्या रीतीने दाखवावी.

आमच्या दुकानाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या मुलाने आदल्या आठवड्याची राखून ठेवलेली प्रत पुन्हा चढवली, म्हणून लेबले वाचली. मधल्या दिवसांची बिले मुनीमजींनी हाताने भरली. मग त्याने मालाचा कोड शब्दांचा न ठेवता आकड्यांचा केला. जुने शब्दांचे कोड जुन्या तागांपुरते चालू ठेवले, ते संपतील तसे संपतील. कोरा माल की रंगीत हा एक रकाना, रंग कोणता हा दुसरा, आणि दोन्हींत टाइप करायची सोय नाही, निवडायचे. आत रंग बिन'यू'चा आहे. बिलावर तो 'यू'सह छापला जातो, आणि कोऱ्या मालापुढे 'ई'चाच ग्रे येतो, कारण भिवंडीहून येणाऱ्या चलनावरही तो तसाच असतो.